बंदी येईल तेव्हा येईल, पत्रा उतरवायचा कसा?

"तुमच्या ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे ना? मग तुम्हाला कसली काळजी!" दापोलीला गेले की कुणी ना कुणी हे ऐकवतंच. बंदी आहे हे खरं. ३१ डिसेंबर २००३ पासून या देशात ॲस्बेस्टॉस, म्हणजे पत्र्याच्या सिमेंटमध्ये मिसळतात ते धागेदार खनिज, आणणं, विकणं, नव्यानं वापरणं सगळं बंद. पण त्याआधी बांधलेली घरं कुठे गेली? ती जागच्या जागी उभी आहेत. इथल्या सरकारी अंदाजानुसार साधारण दर तीन घरांमागे एका घरात ॲस्बेस्टॉस आहे. छपराच्या वळचणीला, न्हाणीघराच्या टाइल्समागे, जुन्या विनाइलच्या फरशीखाली, विजेच्या मीटरमागच्या काळ्या पाटीत, परसातल्या कुंपणात. मी मेलबर्नमध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं करते. घर १९९० च्या आधीचं असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच आकडे मांडते. नाही निघालं तर गिऱ्हाईक खूश.

आपली मराठी मंडळी इथे आली की बहुतेक टार्नीट, पॉइंट कुक अशा नव्या वसाहतींत घर घेतात. तिथे हा विषय निघत नाही. मुलं मोठी झाली, चांगल्या शाळेच्या हद्दीत जायचं ठरलं, की १९६०-७० च्या दशकातलं घर घेतलं जातं आणि पहिल्याच शनिवारी चार मित्र हातोडे घेऊन जुनं न्हाणीघर फोडायला जमतात. मजुरी वाचवायची आपली हौस दांडगी. अशा उत्साही माणसाला थांबवून मी आधी भिंतीचा नखाएवढा तुकडा तपासायला पाठवायला लावते. तोही पाण्याचा फवारा मारून, मास्क लावून काढायचा आणि दोन पिशव्यांत बंद करायचा. खर्च फार नाही, निकाल काही दिवसांत येतो.

निकाल 'आहे' असा आला तरी पहिला सल्ला बऱ्याचदा 'हात लावू नका' हाच असतो, आणि भारतातून आलेल्या माणसाला तो पचत नाही. सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं ॲस्बेस्टॉस, पत्रा धड असेल, रंग शाबूत असेल, तर नुसतं असण्यानं कुणाला मारत नाही. मारतात ते त्याचे धागे. केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारे, हवेत तासन्‌तास तरंगणारे. पत्र्याला ड्रिल मारलं, ग्राइंडरनं कापला, प्रेशरच्या पाण्यानं धुतला, फुटका तुकडा झाडूनं लोटला की ते सुटतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. फुप्फुसं कडक करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, हे आजार वीस-वीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतात. त्यामुळे "मी आयुष्यभर पत्रेच बसवले, मला कुठे काय झालं?" या वाक्याला पुरावा म्हणून फारसा अर्थ नाही.

काढायचंच ठरलं तर व्हिक्टोरियात दहा चौरस मीटरच्या वरच्या कामाला कंत्राटदाराकडे परवाना लागतो, आणि माल हातानं चुरडला जाणारा, भुसभुशीत असेल तर त्याहून वरचा परवाना. बाकी पद्धत कुणालाही समजेल इतकी साधी आहे. पत्रा ओला करायचा. स्क्रू सोडवायचे, फोडाफोडी करायची नाही. अख्खा पत्रा दोघांनी हातांवर खाली घ्यायचा, वरून टाकायचा नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, वर चिठ्ठी लावून, परवानगी असलेल्या कचराभूमीतच न्यायचा. झाडू वर्ज्य, ओल्या फडक्यानं पुसायचं, अंगावरचे एकदाच वापरायचे कपडे त्याच पिशवीत टाकायचे. मोठ्या कामानंतर कंत्राटदाराशी संबंध नसलेला तपासनीस येऊन 'जागा साफ' असा दाखला देतो. तो दाखला मिळेपर्यंत सुतार आत पाऊल ठेवत नाही.

आपल्याकडे हेच काम कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पत्रा धरून ठेवणारे जे-हुक गंजलेले असतात, सुटत नाहीत, म्हणून पहारीचा एक घाव. पत्रा खाली, त्याचे पंधरा तुकडे. मग झाडू, मग घमेलं, मग कुठल्यातरी रस्त्याचा खड्डा.

हे वाचून ऑस्ट्रेलिया शहाणा देश आहे असं कुणाला वाटलं तर थांबा. हा शहाणपणा माणसं मेल्यावर आलेला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विटनूम नावाचं खाणगाव होतं. निळ्या ॲस्बेस्टॉसची ती खाण १९६६ साली बंद पडली ती तोटा होतो म्हणून. तोवर खाणीची माती रस्त्यांवर आणि अंगणांत पसरली होती, मुलं त्यात खेळली होती. पुढे ते गावच सरकारनं नकाशावरून काढलं. जेम्स हार्डी या इथल्या सगळ्यात मोठ्या ॲस्बेस्टॉस उत्पादक कंपनीनं २००१ मध्ये भरपाईसाठी एक निधी मागे ठेवला आणि मुख्यालय नेदरलँड्सला हलवलं. निधी अपुरा होता हे चौकशीत बाहेर आलं. बर्नी बँटन हा कंपनीचा जुना कामगार, नाकात ऑक्सिजनची नळी घालून, कामगार संघटनांच्या साथीनं लढला आणि नवा करार झाला. २००७ मध्ये मेसोथेलिओमानं तो गेला.

आता मायदेशातल्या वादाकडे येते. एक बाजू म्हणते, विष आहे, आजच्या आज बंदी घाला. दुसरी म्हणते, आपल्या पत्र्यांतलं पांढऱ्या जातीचं ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये बंदिस्त असतं, हे गरिबाचं छप्पर आहे, हिरावून घेऊ नका. हा वाद किती वर्षं चाललाय? भारतानं ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ मध्येच थांबवलं, पण आयात कधी थांबली नाही. रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून आजही दर वर्षी लाखांनी टन माल येतो. त्यातल्या ब्राझीलची गंमत अशी की तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्वतःच्या देशात बंदी घातली आणि गोयास राज्यानं निर्यातीपुरतं खाणकाम चालू ठेवायचा कायदा केला. म्हणजे त्यांच्या माणसांना जे नको ते आपल्या माणसांना चालतं. आपल्याकडे २००९ मध्ये राज्यसभेत बंदीचं खासगी विधेयक आलं, २०११ मध्ये बंदीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची निर्यात करण्याआधी घेणाऱ्या देशाला धोक्याची माहिती द्यावी, एवढंच मागणारा, घातक रसायनांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारातला प्रस्ताव गेली वीसेक वर्षं अडून आहे, आणि अडवणाऱ्यांत भारताचंही नाव येऊन गेलंय.

बंदी हवी, यात मला शंका नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रकारचं ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक मानते. ॲस्बेस्टॉसविना सिमेंटचे पत्रे भारतात बनतातही. पण 'गरिबाचं छप्पर' हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या भागात कौलं का गेली? माकडांमुळे. दर वर्षी शाकारणी करायची आणि आठवड्याभरात वानरांच्या टोळीनं पडवीवरून मोर्चा न्यायचा. लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्यानं गंजतो, मे महिन्यात तापतो आणि पावसात घरात बोललेलं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा या तिन्हींतून सुटका करतो. मेलबर्नमध्ये बसून याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे.

पण हा वाद 'हवं की नको' इथेच घुटमळतो, आणि बसवून झालेल्या करोडो पत्र्यांचं काय, हे त्यात येतच नाही. बंदी उद्याची आयात थांबवेल, काल बसवलेला पत्रा तिला खाली घेता येणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात आणि रायगडात पत्रे कागदासारखे उडाले. पंचनामे झाले, भरपाई किती यावर भांडणं झाली, नवे पत्रे आले. फुटलेल्यांचं काय, हे एकाही पंचनाम्यात मी वाचलं नाही. कुणी त्यांचं कोंबड्यांचं खुराडं केलं, कुणी लाकडांवर झाकण घातलं, उरलेले पाणंदीत भराव म्हणून गेले. पुढचे तीन-चार महिने पाऊस होता म्हणून धूळ तरी बसली.

शहरात हे वादळ रोजच चालू आहे, त्याला पुनर्विकास म्हणतात. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या १९७०-८० च्या इमारती पाडल्या जातायत. पार्किंगवरचे पत्रे, गच्चीवरच्या पावसाळी शेड, मागच्या भिंतीवरून उतरणारे सांडपाण्याचे एसी (म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप, जुन्या टाक्या, यातलं बरंच ॲस्बेस्टॉसचं. कॉर्पस फंड, वाढीव कार्पेट, भाडं यांवर सोसायट्या वर्ष-वर्ष घासाघीस करतात. हे पाइप कोण, कसे उतरवणार याची एक ओळ करारात नसते. पोकलेन येतो आणि सगळं एकत्र चुरडलं जातं.

त्या धुळीत उभा असतो नाक्यावरून आणलेला मजूर, आणि मला खरी चीड येते ती इथे. मुंबईला हा आजार नवा नाही. मुलुंडला १९३० च्या दशकापासून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना होता, घाटकोपरला ब्रेकची अस्तरं बनत. कारखान्यातल्या कामगारांसाठी अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपायच्या, आणि बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यायची. चांगला निकाल. पण नाक्यावरच्या मजुराची नोंद चाळीस दिवस तरी कुठे असते? तीस वर्षांनी तो आपल्या गावी खोकत बसेल आणि तिथल्या डॉक्टरला आधी टीबीच आठवेल.

२००५ च्या अखेरीस 'क्लेमांसो' ही फ्रेंच विमानवाहू नौका गुजरातेत अलंगला तोडायला निघाली होती. तिच्यात ॲस्बेस्टॉस होतं म्हणून देशभर गदारोळ झाला, न्यायालयानं अडवलं, शेवटी २००६ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. योग्यच झालं. मात्र त्याच वर्षी तिच्यातल्या मालाच्या कितीतरी पट नवं ॲस्बेस्टॉस आपल्या बंदरांत रीतसर उतरत होतं, आणि त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. परकी बोट दिसते, शेजारच्या इमारतीचा पाइप दिसत नाही.

नियम कडक असले तरी गळती होतेच, हेही सांगायला हवं. सिडनीत जानेवारी २०२४ मध्ये नव्या बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी पसरलेल्या लाकडी भुशात ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले. पाडकामातलं लाकूड दळताना ते आत आले असावेत. शोध घेता घेता बागा, शाळा, रुग्णालयं धरून सत्तरच्या वर जागा निघाल्या. कॅनबेरात १९६८ पासून दहाएक वर्षं एका माणसानं घरांच्या माळ्यावर सुटं ॲस्बेस्टॉस फवारलं होतं. १९८० च्या दशकाअखेरीस सरकारनं घरोघर तपासणी करून हजारावर घरं शोधली आणि साफही केली. पुढे त्यांच्या भिंतींच्या पोकळीत धागे उरलेले आढळले, आणि २०१४ मध्ये तीच घरं सरकारनं विकत घेऊन पाडायला काढली. केंद्रानं त्यासाठी अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. पैसा पाण्यासारखा गेला. पण कुठली घरं, हे ठाऊक होतं, कारण यादी होती.

आपल्याकडे यादीपासून सुरुवात करायला बंदीची वाट बघावी लागत नाही. माझी मावसबहीण डोंबिवलीत राहते, तिची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. तिच्या हाती मी कमिटीला पाच मागण्या पाठवल्या: पाडण्याआधी इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसची यादी. ते आधी, वेगळं, ओलं करून, न फोडता उतरवणं. मजुरांना चांगले मास्क. त्या दिवसांत शेजारच्या बालवाडीला आगाऊ सूचना. आणि माल तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पोचवल्याची पावती सोसायटीला देणं. अशी केंद्रं रांजणगाव आणि बुटीबोरीलाही आहेत, म्हणजे 'न्यायचं कुठे' हा बहाणा राज्यात चालायला नको.

कमिटीच्या काकांनी ते विषयपत्रिकेवर घेतलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "ताई, आजवर असं कुणी मागितलं नाही." पहिल्या चार मागण्या त्यानं कुरकुरत मान्य केल्या. तळोज्याच्या पावतीवर अडलाय, ट्रकचं भाडं आणि तिथली फी कोणी भरायची म्हणून. तीस सभासदांत वाटली तर डोक्यावर किती येते, याचा हिशेब मी करून पाठवलाय. पुढची सभा गणपतीनंतर आहे.