सिगिरिया चढताना बोलायचं नाही

श्रीलंकेतल्या सिगिरिया या खडकावरच्या जुन्या किल्ल्याच्या वाटेवर पाट्या लावल्या आहेत : आवाज करू नका, माश्या उठतील. पर्यटकांना वळण लावायला कुणी सोडून दिलेलं हे पिल्लू नव्हे. मान वर करून पाहिलं तर कड्याला आग्यामोहोळं लोंबताना दिसतात, आणि सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ती एकदा दिसली की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. पाट्या मराठीत नाहीत, एवढी मात्र उणीव आहे.

कारण आमच्याबरोबर अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते शर्टाच्या खिशात राहतं. सेल उगाच संपू नये म्हणून. आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशा हिशेबाने ते बोलतात.

पहाटे कँडीहून निघालो होतो. सार्क देशांचा पासपोर्ट दाखवला की तिकीट स्वस्तात मिळतं, हे खिडकीपाशी कळल्यावर अण्णा प्रसन्न झाले आणि वाचलेल्या पैशांतून गाइड करायला त्यांनी परवानगी दिली. सगळ्या घोळाचं मूळ तो गाइड.

तसा माणूस चांगला होता. पाण्याच्या बागांमधून जाताना, इथली पंधराशे वर्षांपूर्वीची कारंजी पावसाळ्यात अजून उडतात, हे सांगता सांगता त्याने कश्यपाची गोष्ट काढली. राजा धातुसेन. त्याचा एक मुलगा कश्यप, पण आई पट्टराणी नव्हे. दुसरा मोग्गल्लान, पट्टराणीचा. इसवी सन ४७७ मध्ये कश्यपाने सेनापतीला हाताशी धरून बापाला कैद केलं आणि गादी घेतली. भाऊ जीव वाचवून भारतात पळाला. तो कधी ना कधी परतणार, या धास्तीने कश्यपाने राजधानीच या खडकावर आणली. भाऊबंदकीची गोष्ट, मराठी माणसाला नवीन काय! पण अण्णांच्या कानी त्यातलं ‘फादर’ आणि ‘सन’ एवढंच आलं, आणि ते सावध झाले.

पायऱ्या सुमारे बाराशे. पहिल्या टप्प्यात दम लागल्याने कोणीच बोलत नव्हतं आणि माश्या सुरक्षित होत्या. मग अण्णांना दम सापडला.

“मग बापाचं काय झालं?”

पुढचे जर्मन, मागचे चिनी आणि मधले आम्ही, सगळ्यांची बोटं एकदम ओठांवर गेली. मी अण्णांच्या कानाशी कुजबुजले. “काय?” ते म्हणाले. मी जरा मोठ्याने कुजबुजले. “अगं, नीट बोल ना!” तेव्हा नवऱ्याने शहाणपणा करून मोबाइलवर मोठ्या अक्षरांत उत्तर टाइप केलं आणि समोर धरलं. अण्णांनी हात लांब केला, डोळे बारीक केले आणि त्यांच्या पिढीची माणसं वाचतात तसं वाचलं, म्हणजे मोठ्याने.

“बापाला... भिंतीत... चिणलं!”

कड्यावरून तेच वाक्य परत आलं. आम्ही सगळे खाली बसलो. मोहोळं जागची हलली नाहीत. मला वाटतं, त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं.

लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की कड्याच्या खोबणीत ती प्रसिद्ध चित्रं आहेत. कमरेपर्यंत ढगात बुडालेल्या, दागिन्यांनी मढलेल्या बायका, कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात तबक. अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. फोटोला बंदी असल्यामुळे माणसं नाइलाजाने चित्रांकडे बघतात. या अप्सरा की राण्या, यावर विद्वानांचं एकमत नाही, सासूबाईंचं झालं. “फुलं घेऊन निघाल्यात, म्हणजे देवळात. आणि पुरुष एकही बरोबर नाही, म्हणजे नक्कीच देवळात.”

त्याखाली आरसेभिंत. एके काळी गिलावा इतका घोटलेला होता म्हणे, की राजाला स्वतःचं रूप दिसे. सहाव्या शतकापासून पुढे कित्येक शतकं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या भिंतीवर कविता कोरल्या, बऱ्याचशा वरच्या बायकांना उद्देशून. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये ग्रंथ काढला. आता भिंतीला हात लावायलाही मनाई आहे. “म्हणजे सिंहगडावर नाव कोरलं तर दंड आणि इथे कोरलं तर ग्रंथ?” थोरलीने विचारलं. तिच्या बापाने ताबडतोब पाण्याची बाटली उघडली. लग्नाआधी तो सिंहगडावर बराच जात असे.

सिंहाच्या पंजांपाशी सपाटी आहे. विटांचे दोन प्रचंड पंजे उरलेत. वर सिंहाचं अख्खं तोंड होतं आणि त्यातून राजवाड्याची वाट जायची. बाजूला जाळीचा पिंजरा होता. माश्या उठल्याच तर माणसांनी आत शिरायचं. अण्णा आधीच शिरले, बाकरवडीचा पुडा घेऊन. पलीकडून जाणारे लोक पंजांचा फोटो काढत आणि मग यांचा. तिथे गाइडने उरलेली गोष्ट सांगितली, आणि या वेळी अण्णांनी मशीन लावलं. कश्यपाने बापाला विचारलं, खजिना कुठे आहे? धातुसेन त्याच्या माणसांना आपण बांधलेल्या काळवेवा तलावावर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी संपत्ती हीच. अण्णांनी चावणं थांबवून मुलाकडे पाहिलं. आदल्या रात्री जेवताना नवऱ्याने एफडीच्या पावत्या कुठे ठेवल्यात, असं साधंच विचारलं होतं.

माथ्यावर वाऱ्याने टोप्या उडत होत्या आणि खाली चहूबाजूंनी जंगल. पाया उरलेल्या महालांमध्ये आणि खडकात खोदलेल्या टाक्यापाशी मुलं धावली. गोष्टीचा शेवट तिथे झाला : ४९५ मध्ये मोग्गल्लान फौज घेऊन आला, लढाईत कश्यपाचा हत्ती दलदल टाळायला बाजूला वळला, सैन्याला वाटलं राजा पळाला, सैन्य पांगलं आणि कश्यपाने स्वतःचा गळा चिरला. “तरी मी ह्यांना सांगत असते,” सासूबाई म्हणाल्या, “वळायच्या आधी हात दाखवावा.”

उतरताना कोणी काही बोललं नाही. गुडघे बोलत होते.

परतीच्या वाटेवर व्हॅन एका मोठ्या तळ्याच्या काठाने निघाली. नवरा अर्धवट झोपेत पुटपुटला, “अण्णा, त्या एफडीला नॉमिनी कोण आहे हो?” मशीन खिशात होतं. तरी अण्णांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं, काच खाली केली आणि तळ्याकडे बोट दाखवलं.

“ही बघ माझी संपत्ती.”

“नॉमिनी मी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “काच लावा, डास येतायत.”