काम जमतं, कंपनी जमत नाही

पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून हिंजवडी फेज टूच्या काचेच्या इमारतीत जाणाऱ्याला सगळे एकच धीर देतात, ‘काम जमेल रे, घाबरू नकोस.’ काम जमतंच. तेच एक्सेल, तीच ‘फायनल’, ‘फायनल-नवी’ आणि ‘फायनल-हीच घ्या’ नावाची फाइल. जमत नाही ती कंपनी.

पगारापासूनच सुरुवात होते. छोट्या ठिकाणी मालक म्हणतो, ‘तीस हजार देईन.’ मग पाच-सात तारखेला, एखाद्या वेळी आठवण केल्यावर, प्रोफेशनल टॅक्सचे २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून बाकीचे येतात. पीएफचा प्रश्न नसतो, कारण तो कायदा २० माणसांपासून लागू होतो आणि अशा ऑफिसात विसावा माणूस कायम ‘पुढच्या महिन्यात’ येणार असतो. मोठ्या कंपनीत आकडा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा, मेडिक्लेमचा हप्ता, कामगिरीवर ठरणारं व्हेरिएबल आणि चक्क नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीसुद्धा. ती बहुतेक ठिकाणी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, म्हणजे वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून: १५ भागिले २६ भागिले १२. बेसिक ४०,००० असेल तर महिन्याला १,९२४ रुपये झाले, पण ते हाती पडायला एरवी पाच वर्षं टिकावं लागतं. म्हणून ऑफर लेटर आलं की मी म्हणेन, आधी बेसिक बघा, मग या चार ओळी वजा करा, मग तुमचा स्वतःचा पीएफ वजा करा, आणि पेढे त्यानंतर आणा.

पुढचं संकट तुमचं नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर मध्ये वडील, पासबुकात वडिलांचं नुसतं आद्याक्षर. पेठेत तुम्ही ‘जोशींचा धाकटा’ म्हणून निभावून नेता. इथे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांना चार स्वतंत्र माणसं दिसतात आणि त्यातल्या कुणाला नोकरी दिली, असा प्रश्न पडतो. आधी आधार नीट करून घ्या, मग पॅन आणि बँक त्यावर बेतून घ्या, आणि हे राजीनामा देण्याआधीच उरका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांविषयी मी काही बोलत नाही. त्यांचा वेगळा ग्रंथ होईल.

दाराचं शास्त्र त्याहून अवघड. कुणीतरी सौजन्याने दार धरून ठेवतं, ‘या, या’ म्हणतं, आणि आपण कार्ड न लावता आत शिरतो. पण अनेक ठिकाणी यंत्र आत-बाहेरचा हिशोब ठेवतं. त्याच्या लेखी तुम्ही बाहेरच आहात. संध्याकाळी निघताना कार्ड लावलं की लाल दिवा लागतो, कारण बाहेर असलेला माणूस बाहेर कसा जाणार? मग सिक्युरिटीवाल्या काकांच्या रजिस्टरमध्ये सही, खाली एचआरला मेल, आणि वर हजेरीत गैरहजेरी. दार सताड उघडं असलं तरी कार्ड लावा आणि हिरवा दिवा लागल्यावरच पाऊल टाका. सौजन्य आत गेल्यावर.

खरी परीक्षा मात्र माऊस बिघडल्यावर. पेठेत ‘अहो, माऊस गेला’ एवढी हाक पुरते. ऑफिसबॉय चारशे रुपये घेऊन तपकीर गल्लीत जातो आणि चहा निवायच्या आत माऊस हजर. हिंजवडीत टिकेट रेज करायचं, म्हणजे आयटीवाल्यांच्या ऑनलाइन फॉर्मवर तक्रार नोंदवायची. त्यात हार्डवेअर निवडायचं, आणि पुढच्या यादीत माऊस सापडला नाही म्हणून कंटाळून ‘इतर’ दाबायचं नाही. ‘इतर’चं टिकेट भलत्याच टीमकडे पडतं आणि ‘हे आमचं नाही’ म्हणत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हिंडतं. लॅपटॉपखालच्या स्टिकरवरचा अ‍ॅसेट नंबर, मजला, विंग, सीट नंबर आणि तुम्ही जागेवर कधी असता, हे पहिल्याच खेपेला लिहा. कारण आयटीवाल्यांनाही टिकेट सोडवायला ठरलेल्या तासांचं घड्याळ असतं, आणि माहिती अपुरी असली की ते तुम्हाला एक फोन करतात. तोही बरोबर जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही उचलला नाहीत की टिकेट ‘पेंडिंग विथ युजर’, म्हणजे आता अडलंय ते तुमच्यामुळे, घड्याळ थांबलं, आणि दोन-तीन दिवस उत्तर गेलं नाही तर टिकेट आपोआप बंद. म्हणून मिस्ड कॉल दिसला की उलट फोन करत बसू नका, टिकेटमध्येच उत्तर लिहा. घड्याळ त्यानेच चालू होतं.

यथावकाश माऊस येतो. पाठोपाठ ‘आमची सेवा कशी वाटली?’ असा मेल. आपण पुणेकर, पाच स्टार द्यायला हात धजत नाही. दोन दिले, की कारण विचारायला त्यांच्या मॅनेजरचा फोन येतो, आणि तो मात्र दहा मिनिटांत येतो.