तांबडा रस्सा, लाल बाटली आणि ब्लॅक अँड व्हाइटची थाप

आमच्या तालमीच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. गेल्या रविवारी पुन्हा आला, नेमका घरात मटण शिजत असताना. मजकूर थोडक्यात असा: कुत्र्या-मांजरांना सगळं जग ब्लॅक अँड व्हाइट दिसतं. त्यांना फक्त लाल रंग कळतो आणि त्याची भीती वाटते, म्हणून दारात लाल पाण्याची बाटली ठेवावी. मांजराच्या डोळ्यांतून प्रकाश निघतो, त्यामुळे त्याला मिट्ट काळोखातही दिसतं. तेव्हा रंगीत खेळणी आणून पैसे घालवू नका. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे, पुढे पाठवा.

पहिली दोन वाक्यंच एकमेकांच्या उरावर बसली आहेत. सगळं काळं-पांढरं दिसत असेल तर लाल कसा कळतो? आणि लाल कळत असेल तर सगळं काळं-पांढरं कुठं राहिलं? पण एवढं बोलून सोडून देण्यासारखा विषय नाही, कारण खरी हकिकत या मेसेजपेक्षा कितीतरी मजेशीर आहे.

ब्लॅक अँड व्हाइटपासूनच सुरुवात करू. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात हे आपण शाळेत वाचलंय. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात, शंक्वाकार पेशी रंग ओळखतात. माणसाकडे या शंक्वाकार पेशींचे तीन प्रकार. कुत्र्याकडे दोन. एक प्रकार निळ्या-जांभळ्या उजेडाला जास्त दाद देतो, तर दुसरा पिवळसर-हिरव्याला. तीनाऐवजी दोन म्हणजे रंग कमी, पण शून्य नव्हेत. मांजराचंही साधारण असंच. त्याला रंग आणखी फिके दिसत असावेत, आणि रंगाचा ठिपका चांगला मोठा असला तरच तो त्याच्या लक्षात येतो.

हे कुणी नुसतं बसल्या जागी ठरवलेलं नाही. १९८९ साली कॅलिफोर्नियात नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी तीन कुत्र्यांवर प्रयोग केले. समोर उजेडाच्या तीन चौकटी, दोन सारख्या रंगाच्या, एक वेगळी. वेगळीला नाक लावलं की खाऊ. नुसत्या उजेड-अंधारावरून कुत्र्यानं चलाखी करू नये म्हणून चौकटींचा झगझगीतपणा सतत बदलत ठेवला होता. कुत्र्यांना निळा अचूक वेगळा काढता आला. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल ही सगळी रांग मात्र त्यांना एकाच जातीची वाटली. आणि हिरवा-निळा यांच्या मधोमध, आपण मोरपंखी म्हणतो त्याच्या आसपास, एक जागा अशी सापडली की तिथला रंग त्यांना रंगच वाटत नव्हता, नुसता करडा.

आता हे कोल्हापुरात आणून बघू. ताटाशेजारी दोन वाट्या आहेत. पांढरा रस्सा कुत्र्यालाही पांढराच दिसणार. तांबड्याचं तांबडेपण मात्र गेलं, उरलं ते गढूळ, काळपट-पिवळं काहीतरी. (तर्रीशिवाय तांबडा म्हणजे काय, हे दुःख त्याचं त्यालाच ठाऊक.) जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात गुलालानं सगळं गुलाबी झालेलं असतं, तिथल्या कुत्र्याला त्यातला लालपणा वजा होऊन फिक्कट निळसर-करडं दिसत असेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळतात, ती हळदीची पिवळाई मात्र त्याला दिसते. म्हणजे रंग आहेत, फक्त दोनच घराण्यांचे: निळ्याचं आणि पिवळ्याचं.

माणसांतही अशी नजर असते. रेल्वे भरतीच्या तपासणीत ठिपक्यांनी भरलेल्या पानातला आकडा वाचायला लावतात. तो आकडा न दिसणाऱ्यांतल्या कित्येकांचं लाल-हिरवं जग बरंचसं असंच असतं. त्यांना कुणी ब्लॅक अँड व्हाइट म्हणत नाही.

यावर ग्रुपवर एकानं शहाणा प्रश्न विचारला. रंग दिसत असतील, पण कुत्रा त्यांचा उपयोग करतो का? तो तर उजेड-सावली आणि वासावरच चालतो. मलाही तसंच वाटायचं, म्हणून आमच्या बंड्या कुत्र्यावर घरीच प्रयोग केला. तीन वाट्या उपड्या, वर निळा, पिवळा, लाल पुठ्ठा, आणि निळ्याखाली मटणाचा तुकडा. बंड्यानं पुठ्ठ्यांकडं बघितलंसुद्धा नाही, नाकानं सरळ निळी वाटी उलथली. मी खूश. मग तुकडा लाल पुठ्ठ्याखाली ठेवला, तर तीही त्याच झटक्यात उलथली. मग तिन्ही वाट्यांना रस्सा चोळला, तर त्यानं तिन्ही चाटल्या आणि प्रयोग संपला.

रशियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच डोकं वापरून केलं. आठ कुत्री होती. मांस सगळ्याच डब्यांत, त्यामुळे वासाचा उपयोग नाही, पण एकच डबा उघडणारा. डब्यांसमोर गडद पिवळे आणि फिक्कट निळे कागद लावून कुत्र्यांना शिकवलं. मग कागद बदलले: आता फिक्कट पिवळा आणि गडद निळा. कुत्रं गडद-फिक्यावर चालत असेल तर ते चुकीच्या डब्याकडं जाणार. बहुतेक वेळा कुत्री रंगाच्या मागे गेली, शिकलेला पिवळा तर पिवळाच. म्हणजे रंग त्यांना दिसतो आणि गरज पडली की ते त्यावर भरवसाही ठेवतात.

आता बाटली. शाहूपुरी, राजारामपुरी, मंगळवार पेठ, कुठल्याही गल्लीत जा, उंबऱ्याशी नाहीतर दुचाकीच्या चाकाजवळ लाल पाण्याची बाटली दिसेलच. कुणी त्यात कुंकू कालवतं, कुणी खायचा रंग. लाल हा तर कुत्र्याला सगळ्यात कमी कळणारा रंग. त्याच्या लेखी ती काळसर पाण्याची बाटली. मग कधीकधी कुत्रं लांब राहतं ते का? रोजच्या जागी अनोळखी वस्तू दिसली की सावध जनावर दोन-चार दिवस बिचकतं. बाटलीऐवजी पाटा-वरवंटा ठेवला असता तरी बिचकलं असतं. सवय झाली की संपलं. आमच्याच गल्लीत एका पांढऱ्या कुत्र्यानं बाटलीवरच तंगडी वर केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. कुत्रं त्या कोपऱ्यावर येतं ते आधीच्या कुत्र्याचा वास वाचायला. तो कोपरा घासून धुवा, बाटलीपेक्षा बरं.

मांजराच्या डोळ्यांतून प्रकाश निघतो म्हणणाऱ्यानं एकदा पूर्ण अंधाऱ्या खोलीत मांजर बघून दाखवावं. काही दिसणार नाही, कारण तिथं चमकायला उजेडच नाही. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणजे पेशींना तोच उजेड दुसऱ्यांदा वापरायला मिळतो. गाडीच्या दिव्यात डोळे चमकतात ते यामुळेच, कुत्र्याचेसुद्धा. हा थर, मोठी होणारी बाहुली आणि भरपूर दंडाकार पेशी, या सगळ्यामुळे आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाच्या उजेडात मांजराचं भागतं. पण सहावा हिस्सा तरी हवाच. आणि अशा अंधुक उजेडात रंगाच्या पेशी त्याच्याही गप्प असतात. रात्रीच्या छपरावरचं मांजर खरोखरच जवळपास करड्या जगात फिरतं. मेसेजवाल्याचं चुकून बरोबर आलेलं एवढंच.

त्यानं न लिहिलेली एक गोष्टही सांगून टाकतो. २०१४ मध्ये डग्लस आणि जेफरी या संशोधकांनी दाखवलं की कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरणांचा बराच भाग आत जाऊ देतं. आपलं भिंग ते जवळजवळ अडवून धरतं. म्हणजे आपल्याला दिसतं त्यातलं काही त्यांना दिसत नाही हे खरं, पण उलटंही असू शकतं.

राहिली खेळणी. रंकाळ्याच्या काठी हिरवळीवर मी बंड्यासाठी तांबडा चेंडू टाकायचो. तो धावत जायचा, चेंडूच्या अगदी जवळून पुढं जायचा, आणि मग नाक जमिनीला लावून घिरट्या घालत परत यायचा. मला वाटायचं, आळशी आहे. त्याच्या नजरेनं बघितलं तर हिरवं गवत आणि तांबडा चेंडू, दोन्ही त्याच मळकट पिवळ्या घराण्यातले. निळा चेंडू आणला आणि पहिल्याच फेकीला तो सरळ त्यावर गेला. टेनिसचा पिवळा चेंडूही गवतावर तितकासा उठून दिसत नाही, नुसता उजळ असतो म्हणून जमतं. तेव्हा रंगीत खेळणं म्हणजे पैशाची नासाडी नाही. दुकानातलं लालभडक खेळणं आपल्या डोळ्यांसाठी असतं, एवढं ध्यानात ठेवून निळं उचला.

हे सगळं ग्रुपवर टाकलंच, पण समोरच्या काकींना प्रत्यक्ष जाऊन सांगितलं, कारण त्यांच्या दारात चार लाल बाटल्या आहेत. त्यांनी चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं, मध्येच "आगं बाई" म्हणाल्या. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही बाटल्यांत नीळ कालवलेली.

"काकी, हे काय?"

"आरं, तूच म्हणलास न्हवं काल, लाल दिसत न्हाई, निळं झक्क दिसतंय म्हणून?"