डक्टच्या तोंडाला मच्छरजाळी बांधा म्हणणाऱ्यांना

लॉण्ड्री व्यावसायिकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लिंट, म्हणजे ड्रायरच्या हवेबरोबर उडणारे कापडाचे सुटे तंतू, पकडणारा लिंट कलेक्टर हा विक्रेत्यांनी गळ्यात मारलेला खर्च आहे, कारण ड्रायरला स्वतःची जाळी असतेच, उरलेली लिंट अडवायला डक्टच्या, म्हणजे ड्रायरची हवा बाहेर नेणाऱ्या नळाच्या, बाहेरच्या तोंडाला मच्छरजाळी बांधावी, वाफेवर तापणाऱ्या ड्रायरला आग लागूच शकत नाही, कलेक्टर घ्यायचाच तर पाण्याचा घ्यावा, आणि कापड मऊ करणारा सॉफ्टनर वाढवला की लिंट सुटतच नाही. बांद्याजवळ गोव्यातील हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांसाठी लॉण्ड्री उभारत असलेल्या माझ्या भाच्याने हे वाचून कलेक्टरची ऑर्डर थांबवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक सल्ला मच्छरजाळीचा, आणि फुकटात पडतो म्हणून तोच लोकांना सर्वांत आधी पटतो. ५० किलो कोरडे कापड पिळून निघाल्यावर ७५ किलो भरले, तर त्यातले जवळजवळ २५ लिटर पाणी वाफ होऊन डक्टच्या त्याच तोंडातून बाहेर पडायचे असते. तिथे बारीक जाळी बांधली की दमट हवेत लिंटचा थर तिच्यावर भराभर बसतो, हवा तुंबते, कपडे वाळेनासे होतात, मग कामगार तापमान आणि वेळ दोन्ही वाढवतो. अती वाळलेले कापड अधिक झिजते, म्हणजे लिंट आणखी वाढते. गॅसच्या ड्रायरमध्ये तर बर्नरची उष्णता वाहून नेणारी हवाच कमी पडते आणि जाळीमागच्या सगळ्या डक्टमध्ये पेटाऊ कापसाचे अस्तर तयार होते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल मेकॅनिकल कोड या नियमावलीच्या ५०४व्या विभागात ड्रायरच्या डक्टच्या टोकाला जाळी बसवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच विभागात व्यावसायिक ड्रायरसाठी एक्झॉस्ट पंख्याची मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर ठेवण्याची आणि डक्ट ज्वलनशील वस्तूंपासून किमान ६ इंच दूर नेण्याची अट आहे. घरगुती ड्रायरच्या डक्टमध्ये तर स्क्रूचे टोक ३ मिलिमीटरहून थोडे जास्त आत आलेलेही चालत नाही, कारण त्यालाही लिंट अडकते. हा कोड आपल्याकडे बंधनकारक नाही हे खरे, पण ज्या कारणाने तो लिहिला गेला ते कारण बांद्यातही तसेच लागू आहे.

वाफेच्या ड्रायरबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते जास्त फसवते. त्यात उघडी ज्योत नसते. ७ बार दाबाची वाफ साधारण १७० अंश सेल्सिअसची असते, तेवढ्याने स्वच्छ सुती कापड एकाएकी पेट घेत नाही. पण भाच्याकडे येणारे टॉवेल स्पाचेही असणार आहेत. तिळासारख्या तेलाचा अंश धुतल्यावरही कापडात राहिला, तर त्याची हवेतील ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन उष्णता निर्माण होते, आणि गरम टॉवेलांच्या दाट ढिगात ती उष्णता साठत जाऊन ढीग आपोआप धुमसू लागतो. म्हणूनच ड्रायरच्या शेवटी थंड हवेचा टप्पा दिलेला असतो. पावसाळ्यात ऐन वाळवणीत वीज गेली, ड्रम थांबला आणि माल तसाच आत राहिला, तर तो टप्पा होतच नाही. अशा वेळी माल लगेच बाहेर काढून पसरायला हवा. शिवाय वाफेच्या कॉइलवर, म्हणजे हवा तापवणाऱ्या नळ्यांवर, बसलेली लिंट हवा अडवते आणि बॉयलरचे इंधन खाते, तो खर्च वेगळाच.

ड्रायरची स्वतःची जाळी जाड लिंट अडवते आणि बारीक सोडते. सोलापूरचा नवा टेरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत किती तंतू सोडतो ते पाहिलेल्या माणसाने तरी ती जाळी पुरेशी आहे असे म्हणू नये. सॉफ्टनरचा मुद्दा तर बोलण्यासारखाही नाही. तो वाढवला की टॉवेल पाणी शोषेनासा होतो आणि हॉटेल माल परत पाठवते.

पाण्याचा फवारा मारून लिंट धरणाऱ्या कलेक्टरमध्ये ठिणगी विझते, हा त्याचा खरा गुण आहे. पण त्यातून निघणारा लिंटचा ओला गाळ रोज काढावा लागतो, आणि देशावर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नोझल बुजतात. सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून कण खाली पाडणारा कलेक्टर, जड कण चांगले पाडतो, मात्र हलकी, फुलारलेली लिंट त्यातून बरीच निसटते. कोरड्या जाळीचा कलेक्टर बहुतेक हॉटेल लॉण्ड्रींना पुरतो, पण ती जाळी वेळेवर साफ होते की नाही हे दाबमापक लावल्याशिवाय कळत नाही.

विक्रेते गरजेपेक्षा मोठा कलेक्टर विकतात, एवढे मात्र त्या संदेशाचे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. एकच लहान ड्रायर, आखूड सरळ डक्ट आणि दर पाळीत हाताने साफ होणारी जाळी असेल, तर मोठ्या यंत्रणेची गरज नाही. भाच्याकडे मात्र तीन ड्रायर एकाच डक्टला जोडले जाणार आहेत. त्याने तिन्हींच्या हवेची एकत्रित मात्रा काढावी, ड्रायरच्या उत्पादकाने किती उलटा दाब, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा, चालेल म्हटले आहे ते पाहावे, आणि जाळी लिंटने भरलेली असताना कलेक्टर किती दाब खातो हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. नव्या, स्वच्छ जाळीचा आकडा दाखवून ऑर्डर मागणाऱ्याला सरळ परत पाठवावे.