‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या आधीचेच

तानाजी मालुसरे पडले, महाराज म्हणाले ‘गड आला पण सिंह गेला’, आणि त्या दिवसापासून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असा मजकूर ४ फेब्रुवारीच्या आसपास दरवर्षी फिरतो. यातला नावाचा भाग चुकीचा आहे.

गडावरची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. पण खुद्द शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच येतो. म्हणजे तानाजींनी गड घेतला त्याच्या जवळपास सात वर्षे आधी हे नाव चालू होते. कोंढाणा हे जुने नावही लोकांच्या तोंडी राहिले. दोन्ही नावे बराच काळ सोबत चालली.

त्या प्रसिद्ध वाक्याचेही तसेच. महाराजांचे जुने चरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असे शब्द आहेत. सिंह तिथे नाहीच! (मला तर हेच वाक्य जास्त भिडते. माणूस गडाच्या तोलाचा.) तो सिंह नंतरच्या सांगण्यात शिरला आणि गडाच्या नावाशी असा चपखल जुळला की शंका घ्यावी असे कुणाला वाटले नाही.

घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले ही गोष्टही सभासद सांगत नाही. त्याचे मावळे कडा चढतात ते वानरासारखे.

तानाजी आणि गडाचा मोगल किल्लेदार उदयभान, दोघांचेही त्या रात्री पडणे, यावर वाद नाही. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर नामकरणाची ओळ तेवढी काढा.