महापालिकेचा पहिला रोबो मॅनहोलमध्ये उतरायला हवा

शहरात रोबो आणि एआय आणायचं म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती स्मार्ट सिग्नलची, चॅटबॉटची, कंट्रोल रूममधल्या भल्यामोठ्या स्क्रीनची. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात ड्रेनेजच्या चेंबरपासून व्हायला हवी. जिथे माणूस गुदमरून मरतो, तिथे आधी यंत्र पोहोचलं पाहिजे. बाकीचं सगळं नंतर.

कायदा कमी पडतोय असंही नाही. पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. आणि कायदा असूनही 2019 ते 2023 या पाच वर्षांत देशात 377 माणसं गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेली, हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे. ही माणसं कोणत्या समाजातून येतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी याला फक्त तंत्रज्ञानाचा प्रश्न मानत नाही.

यंत्र तर कधीच तयार झालंय. 2015 मध्ये कोझिकोडला मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालक, असे तिघे गेले. त्या घटनेने हललेल्या केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी ‘बँडिकूट’ नावाचा रोबो बनवला. तो चेंबरमध्ये पाय रोवून उभा राहतो, हाताने गाळ आणि दगड बादलीत भरून वर देतो. आतलं चित्र कॅमेऱ्यातून दिसतं, विषारी वायू आहे का तेही कळतं आणि चालवणारा माणूस वर रस्त्यावर उभा असतो. पण या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा आहे. केरळ जल प्राधिकरणाने या पोरांना खरे मॅनहोल दिले आणि 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये रोबो कामाला लागला. फेब्रुवारी 2023 मध्ये गुरुवायूरच्या मलनिस्सारण जाळ्यात तो आला. नव्या कंपनीला अनुदानाहून जास्त गरज असते ती पहिल्या गिऱ्हाइकाची, आणि गटारं साफ करणाऱ्या यंत्राचं गिऱ्हाईक महापालिका किंवा जलमंडळाशिवाय दुसरं कोण असणार?

हैदराबादचं उदाहरण तर मला त्याहून जवळचं वाटतं. तिथे पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळं करणाऱ्या मोठ्या जेटिंग गाड्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत शिरत नव्हत्या. 2017 मध्ये जलमंडळाने 70 छोटी जेटिंग यंत्रं आणली. यात ना रोबो होता ना एआय, साधं यंत्र. पण ती यंत्रं मोठ्या ठेकेदाराच्या हाती गेली नाहीत. मिलिंद कांबळे यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘डिक्की’च्या, म्हणजे दलित उद्योजकांच्या संघटनेच्या मदतीने ती दलित उद्योजकांच्या मालकीची झाली. बँकेने कर्ज दिलं, मंडळाने काम दिलं. दिल्लीने 2019 मध्ये हाच रस्ता धरून 200 यंत्रं उतरवली. पुण्यात जन्मलेल्या संघटनेने हे काम हैदराबाद-दिल्लीत करून दाखवलं. मग महाराष्ट्राच्या प्रत्येक महापालिकेत ते का होऊ नये?

सगळं अडतं ते टेंडरमध्ये. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं आणि काम कसं केलं हे विचारायचं नाही, अशी निविदा निघाली की स्वस्तात माणूस उतरवणाराच जिंकणार. यंत्र आणणाऱ्याचा दर नेहमीच जास्त असणार. म्हणून निविदेतच लिहा की माणूस आत उतरला तर कंत्राट रद्द. पैसे साफ केलेल्या चेंबरच्या हिशोबाने द्या. यंत्राची देखभाल आणि सुटे भाग पाच वर्षांसाठी बांधून घ्या, नाहीतर उद्घाटनाला हार घातलेलं यंत्र पुढच्या पावसाळ्यात गोदामात धूळ खात पडतं. आणि नवीन चेंबर बांधतानाच झाकणाची रुंदी, खोली अशी ठेवा की रोबो आत जाईल. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोणती परिषद भरवायची गरज नाही, ड्रेनेज विभागाच्या अभियंत्याला स्थायी समितीची साथ पुरेशी आहे.

एआयसुद्धा याच दाराने येतं. मुंबई महापालिकेने 2025 च्या नालेसफाईत कंत्राटदारांना गाळ काढल्याचे व्हिडिओ द्यायला लावले, ते एआयने तपासले आणि गडबड सापडली तिथे दंड केला. आधी व्हिडिओची अट आली, म्हणून तपासायला काहीतरी हातात होतं. हेच भुयारी वाहिन्यांना लागू करा. पाइपमध्ये कॅमेरा फिरवा, प्रत्येक चेंबरला नंबर द्या, कधी तुंबला आणि किती गाळ निघाला याची नोंद ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की कोणती लाइन पुढे फुटणार, याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधू शकेल. नोंदीच नसतील तर जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअरही काय करणार?

आता नोकऱ्यांचं. आपल्याकडे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. यंत्र आलं की हा हक्क जाईल, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती मला शंभर टक्के रास्त वाटते, कारण कंत्राटीकरणाने कामगारांचं काय केलं ते त्यांनी पाहिलंय. म्हणून वारसाला मिळणारी जागा रोबो चालवणाऱ्याची, जेटिंग मशीनच्या ऑपरेटरची असली पाहिजे, प्रशिक्षण आणि त्या पदाच्या पगारासह, कायम नोकरीत. झाडू हातात देऊन त्याच कामाला पिढ्यानपिढ्या जुंपणारा वारसा मला नको आहे. कामगार संघटनांना टेंडर निघण्याआधी चर्चेला बसवलं, तर त्याच या यंत्रांसाठी भांडतील.

आणि आपण सोसायटीवाल्यांनी फक्त महापालिकेकडे बोट दाखवू नये. कितीतरी मृत्यू खासगी टाक्यांत होतात. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात एका सेप्टिक टँकमध्ये पाच जण गेले. 2013 चा कायदा कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, सोसायटीच्या चेअरमनलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेने खासगी टाक्यांसाठीही यंत्र परवडेल अशा भाड्याने, फोन केल्यावर पाठवावं. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या: आपली टाकी मागच्या वेळी कोणी साफ केली, आणि कशी?