रॅमची एकच स्टिक घेऊ नका
‘आत्ता १६ जीबीची एकच रॅम घ्या, दुसरी नंतर लावा’ हा कॉम्प्युटर स्वतः जोडण्यावरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. डीडीआर४ ३२०० ची (हा रॅमचा प्रकार आणि वेग) एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्डाशिवाय बिल्ड करणार असाल तर ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं, फटका थेट एफपीएसला (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सना) बसतो. ८-८ जीबीच्या दोन स्टिकचं किटच घ्या. नंतर आणलेल्या स्टिकच्या आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, मग गेम मध्येच क्रॅश होऊ शकतात.

आणि हो, रॅमचे चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर या दोन स्टिकसाठी शक्यतो प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, खटका ‘टक्’ वाजेपर्यंत स्टिक दाबायची. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू केलं नाही तर ३२०० ची रॅम बहुतेक वेळा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.